फोटो जेपीजी करा, पण त्याची पाठ सांभाळा

प्रश्न : आईची पंचाहत्तरी येतेय. तिला फोटोंचा अल्बम द्यावा म्हणून मी माझ्या, भावाच्या आणि वहिनीच्या आयफोनमधले गेल्या सहा-सात वर्षांतले फोटो एका हार्ड डिस्कवर गोळा केले. सुमारे चार हजार भरले. त्यातले थोडे पेनड्राइव्हवर घालून फोटो स्टुडिओत नेले, तर त्यांच्या संगणकावर एकही उघडेना. ‘हे एचईआयसी आहेत, जेपीजी करून आणा’ म्हणाले. भाच्याने फाइलींच्या नावातली शेवटची अक्षरे बदलून जेपीजी केली. त्या फाइली माझ्या फोनवर उघडल्या, स्टुडिओत मात्र नाहीच. मग एका संकेतस्थळावर चाळीसेक फोटो बदलून पाहिले. ते उघडले, पण सगळ्यांवर एकच तारीख, आदल्या दिवसाची! शिवाय काही फोटो आडवे पडले, दोन तर चक्क डोक्यावर उलटे झाले. यात बाबांचे शेवटच्या दोन वर्षांतले फोटो आहेत, त्यामुळे आता हात लावायचीच भीती वाटते. सगळे एकदम, काही न गमावता जेपीजी करता येतील का? आणि झाल्यावर मूळ फाइली पुसून टाकल्या तर चालेल का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : आधी धीराची गोष्ट. मूळ फाइली हार्ड डिस्कवर जागच्या जागी आहेत ना? मग बाबांच्या फोटोंचे काहीही बिघडलेले नाही. तारीख चुकली, फोटो उलटे झाले, ते संकेतस्थळावरून परत आलेल्या चाळीस प्रतींचे. त्या प्रती बाजूला ठेवा आणि तूर्त विसरून जा.

तुमचे कोडे थोडक्यात असे. फोटो फोनवर छान दिसतो, स्टुडिओत उघडत नाही. नाव बदलून फरक पडत नाही. खरोखर बदलला, तर तारीख आणि दिशा बिघडते. या तिन्ही गोष्टी एकाच मुळातून निघतात. फोटोची फाइल म्हणजे नुसते चित्र नव्हे. पूर्वी कागदी फोटोच्या पाठीवर शाईने तारीख, गाव, प्रसंग लिहून ठेवत. आजच्या फाइलीलाही तशीच पाठ असते आणि तिच्यावर फोन स्वतःच टिपणे लिहितो. एचईआयसीचे जेपीजी करताना चित्र तर दुसरीकडे जाते. पाठ मात्र कुणी मुद्दाम सोबत नेली तरच जाते. आता एकेक गाठ सोडवू.

एचईआयसी म्हणजे नेमके काय?

जेपीजी ही फोटो साठवण्याची जुनी, सर्वमान्य पद्धत. ‘जॉइंट फोटोग्राफिक एक्सपर्ट्स ग्रुप’ या तज्ज्ञगटाच्या आद्याक्षरांवरून तिला नाव मिळाले आणि १९९२ साली तिचे मानक ठरले. तिच्या पोटातले मुख्य गणित आहे ‘डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म’. ते जानेवारी १९७४च्या एका शोधनिबंधात तिघांनी मांडले होते : बंगळुरूला जन्मलेले नासिर अहमद, टी. नटराजन आणि के. आर. राव. म्हणजे गेली तीस वर्षे जगात जेवढे जेपीजी फोटो उघडले गेले, त्या प्रत्येकात या तिघांचे गणित चालले.

जेपीजी फोटोचे आठ बाय आठ पिक्सेलचे बारीक चौकोन करते. आयफोनचा १२ मेगापिक्सेलचा फोटो असतो ४०३२ बाय ३०२४ पिक्सेलचा. म्हणजे चौकोन झाले १,९०,५१२. प्रत्येक चौकोनातल्या ठळक छटा ती नीट नोंदवते आणि डोळ्याला सहसा न जाणवणारे बारीक चढउतार सोडून देते. त्यामुळे फाइल लहान होते. मात्र शेजारच्या चौकोनात काय आहे, याचा ती फारसा विचार करत नाही. आईच्या शालूचा हिरवा पोत शंभर चौकोनांत सारखाच असला, तरी शंभर वेळा त्याचे वर्णन लिहिते.

एचईआयसी इथेच वेगळी वाट धरते. तिच्या आत ‘एच.२६५’ ही व्हिडिओसाठी बनवलेली, २०१३ साली मानक ठरलेली पद्धत असते. कुठलाही चौकोन नोंदवण्याआधी ती त्याच्या डाव्या आणि वरच्या शेजाऱ्यांकडे पाहते आणि ‘इथे काय असेल’ याचा अंदाज बांधते. असे अंदाज बांधायच्या तिच्याकडे ३५ तऱ्हा असतात. सर्वांत जवळचा अंदाज निवडायचा आणि प्रत्यक्षात जेवढा फरक असेल तेवढाच लिहायचा. शालूचा पोत, निरभ्र आकाश, घराची भिंत अशा ठिकाणी फरक नगण्य असतो. म्हणून डोळ्याला तितकाच चांगला दिसणारा फोटो साधारण निम्म्या जागेत मावतो.

फाइलीची मांडणीही निराळी असते. आयफोन १२ मेगापिक्सेलचा फोटो ५१२ बाय ५१२च्या ४८ फरशांमध्ये साठवतो, आठ उभ्या रांगा आणि सहा आडव्या. दाखवताना फरशा जोडायच्या आणि कडेचा जादा भाग कापायचा, अशी सूचना सोबत असते. त्याच फाइलीत छोटे पूर्वदृश्य असते आणि पोर्ट्रेट फोटो असेल तर कोण जवळ, कोण लांब याचा खोलीचा नकाशाही असतो. आपल्या मिसळणाच्या डब्यात कशा मोहरी, जिरे, हळदीच्या वेगवेगळ्या वाट्या असतात, तसा हा प्रकार.

एक गैरसमज इथेच दूर करू. ही ॲपलची खासगी पद्धत नव्हे. ‘एमपेग’ या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने २०१५ साली तिचे मानक पूर्ण केले. ॲपलने २०१७ साली आयओएस ११ पासून, आयफोन ७ आणि पुढच्या फोनवर ती वापरात आणली, म्हणून नाव त्यांच्याशी चिकटले. अँड्रॉइडमध्येही २०१८च्या नवव्या आवृत्तीपासून तिची सोय आहे आणि सॅमसंगच्या अनेक फोनमध्ये तो पर्याय सापडतो.

मग स्टुडिओत का उघडला नाही?

कारण बरेचसे पैशाचे आहे. एच.२६५ या पद्धतीवर अनेक कंपन्यांची पेटंटे आहेत. ती वापरायची तर उत्पादकाला त्यांचे शुल्क भरावे लागते. ॲपलने आपल्या फोनसाठी आणि संगणकांसाठी ती व्यवस्था केली. विंडोजच्या संगणकावर मात्र मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून दोन जोडण्या घ्याव्या लागू शकतात. पहिली डबा उघडते, ती मोफत आहे. दुसरी आतले चित्र उलगडते आणि तिला थोडे पैसे पडतात. दोन्हींपैकी एक नसली तरी फोटो दिसत नाही.

स्टुडिओची आणखी एक अडचण असते. अल्बमची पाने मांडणारे आणि छपाईच्या यंत्राशी बोलणारे प्रोग्राम अनेकदा जुने असतात. त्यांना एचईआयसी कधी शिकवलेलीच नसते. त्यामुळे स्टुडिओवाल्यांची मागणी रास्तच आहे.

नाव बदलून काम का झाले नाही?

भाच्याने केले ते पुष्कळजण करतात. पण नावाच्या शेवटी असलेली अक्षरे म्हणजे दुकानावरची पाटी. पाटी बदलली म्हणून आतला माल बदलत नाही.

फाइल खरी कोणत्या जातीची आहे, ते तिच्या पहिल्या काही अक्षरांत लिहिलेले असते. जेपीजीची सुरुवात दोन ठरावीक बाइटांनी होते. एचईआयसीच्या सुरुवातीलाच ‘मी एचईआयसी आहे’ अशी नोंद असते. तुमचा फोन पाटीकडे दुर्लक्ष करून आत डोकावतो, खरी जात ओळखतो आणि फोटो दाखवतो. स्टुडिओचा प्रोग्राम पाटीवर विश्वास ठेवतो, आत जेपीजीची खूण शोधतो आणि ती न सापडल्याने ‘फाइल खराब आहे’ असे सांगून मोकळा होतो. ‘माझ्या फोनवर तर उघडते’ हा पुरावा म्हणूनच फसवा ठरतो.

नाव बदलल्याने आतल्या चित्राला काहीही इजा झालेली नाही. भाच्याला रागावू नका. जुने नाव परत दिले की काम झाले.

सगळ्यांवर एकच तारीख कशी पडली?

इथे पाठीचा प्रश्न येतो. फोटोच्या फाइलीला किमान दोन प्रकारच्या तारखा असतात. पहिली संगणकाची : ही फाइल या डिस्कवर कधी तयार झाली, शेवटची कधी बदलली. दुसरी फोनने फोटो काढतानाच आत लिहिलेली : बटण दाबले तो दिवस आणि ती वेळ, सेकंदासकट. या आतल्या टिपणांना ‘एक्झिफ’ म्हणतात. तारखेबरोबरच कॅमेऱ्याचे नाव, प्रकाशाचे मोजमाप आणि लोकेशन चालू असेल तर जागेचे अक्षांश-रेखांशही त्यात असतात.

जेपीजी केलेली फाइल ही संगणकाच्या दृष्टीने कोरी, नवी फाइल. ती काल जन्मली, म्हणून कालची तारीख. विंडोजच्या फोल्डरमध्ये सहसा हीच तारीख समोर दिसते आणि आपल्या पोटात धस्स होते. पण आतली तारीख शाबूत असू शकते. खात्री करायची तर फाइलीवर उजवे क्लिक करा, ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘डिटेल्स’ उघडा आणि ‘डेट टेकन’ शोधा. तिथे २०१९ची दिवाळी दिसली, तर पाठ सलामत आहे. ती जागा रिकामी असेल, तर बदलणाऱ्याने पाठ पुसून टाकली असे समजा.

ही टिपणे जेपीजीतही आरामात राहू शकतात. तशी सोय तिच्यात आहेच. काही संकेतस्थळे आणि प्रोग्राम ती उचलून नेत नाहीत, एवढेच. चार हजार फोटो तारखेच्या क्रमाने लावायचे तर त्या टिपणांशिवाय दुसरा आधार नाही. म्हणून मी याबाबतीत एवढा आग्रही आहे.

काही फोटो आडवे, दोन उलटे. बाकीचे सरळ कसे?

हाही पाठीवरच्याच एका टिपणाचा खेळ. कॅमेऱ्याच्या आतला प्रकाश टिपणारा पडदा आडवा बसवलेला असतो. तुम्ही फोन उभा धरा की आडवा, पडदा चित्र नेहमी त्याच दिशेने वाचतो. मग फोन नोंद करतो : ‘हा उभा होता, दाखवताना पाव फेरा वळवा.’ चित्र वळवून ठेवण्यापेक्षा अशी चिठ्ठी लिहिणे सोपे पडते.

एचईआयसीमध्ये वळणाची ही माहिती दोन ठिकाणी असू शकते. एक सूचना डब्याच्या मांडणीत, दुसरी एक्झिफच्या टिपणांत. बदलणारा प्रोग्राम निष्काळजी असला की दोनपैकी एक चूक होते. एक तर चित्र वळवलेच जात नाही आणि चिठ्ठीही हरवते. नाहीतर प्रोग्राम एका सूचनेप्रमाणे चित्र वळवून देतो, पण जुनी चिठ्ठी तशीच मागे ठेवतो. मग पुढचा प्रोग्राम ती वाचून पुन्हा वळवतो.

दोन्ही चुकांचा परिणाम सारखाच दिसतो. उभे फोटो आडवे पडतात. फोन आडवा धरून, आवाजाची बटणे वर ठेवून काढलेले फोटो डोक्यावर उलटे होतात. आवाजाची बटणे खाली ठेवून काढलेल्यांना वळवायची गरजच नसते, म्हणून ते सुखरूप राहतात. तुमच्या पत्रातले वर्णन याच्याशी तंतोतंत जुळते. ते दोन उलटे फोटो ज्यांनी काढले, त्यांना विचारून पाहा. फोन बटणे वर ठेवूनच धरायची त्यांना सवय असेल.

जेपीजी मोठी होते, म्हणजे दर्जा वाढतो का?

नाही. दोन एमबीचा फोटो जेपीजी झाल्यावर चार एमबीचा दिसतो आणि अनेकांना वाटते, काहीतरी भर पडली. नऊवारी नीट घडी करून ठेवली तर छोट्या पिशवीत मावते, चुरगाळून ठेवली तर मोठी पिशवी लागते. साडीचे वार मात्र नऊच राहतात. जेपीजीची घडी एचईआयसीइतकी घट्ट नसते, म्हणून जागा जास्त लागते.

उलट थोडीशी घटच होते. एचईआयसीने काही तपशील आधी सोडून दिलेले असतात, जेपीजी आणखी थोडे सोडते. एकदाच आणि चांगल्या दर्जावर बदलले तर ही घट डोळ्याला कळत नाही. तेच जेपीजी पुन्हा पुन्हा उघडून, खरडून, साठवत राहिलात तर मात्र ती साचत जाते. प्रोग्राम दर्जा किती ठेवू विचारतो, तिथे ९० ते ९५ पुरेसे आहे. १०० म्हणजे शंभर टक्के मूळ असा अर्थ नव्हे. त्याने फाइल खूप फुगते आणि हाती फारसे लागत नाही.

काहीजण सुचवतात, ‘पीएनजी करा, त्यात काही जात नाही.’ बदलल्यानंतर काही जात नाही हे खरे, पण आधी गेलेले परतही येत नाही आणि फाइल जेपीजीच्या कित्येक पट होते. फोनचे स्क्रीनशॉट पीएनजीत असतात, तिथे ती शोभते. अल्बमच्या फोटोंसाठी जेपीजीच बरी. छपाईला ३०० पिक्सेल प्रतिइंच धरले, तर ४०३२ बाय ३०२४चा फोटो साधारण साडेतेरा बाय दहा इंचांपर्यंत उत्तम छापला जातो. अल्बमच्या पानाला याहून जास्त क्वचितच लागते.

आता प्रत्यक्ष काम कसे करावे?

पहिली गोष्ट म्हणजे निवड. तुमच्या प्रश्नात एक गृहीत दडले आहे, की चारही हजार फोटो बदलायलाच हवेत. पण स्टुडिओला हवेत ते अल्बममध्ये जाणारे, दीडशे किंवा दोनशे. आधी फोनवर किंवा मॅकवर बसून तेवढे निवडा आणि फक्त त्यांच्या प्रती बदला. बाकीचे आहेत तसे सुखात राहू द्या. पुढे कधी लागले तर तेव्हा बदलता येतील. तरीही सगळेच करायचे असतील, तर पुढची कृती तीच. एका फोटोला अर्धा सेकंद धरला तरी चार हजारांना अर्ध्या तासाच्या थोडे वर लागेल.

दुसरी गोष्ट नावांची आणि हीच सर्वांत धोक्याची. आयफोन फोटोंना ‘आयएमजी’ आणि पुढे चार आकडी क्रमांक देतो. ९९९९ झाले की मोजणी पुन्हा ०००१ पासून सुरू होते. शिवाय तुमच्याकडे तीन फोनचे फोटो आहेत. म्हणजे ‘आयएमजी_०४१२’ नावाचे तीन अगदी वेगळे फोटो असू शकतात : तुमच्या फोनमधले बाबा, भावाच्या फोनमधली गाडी, वहिनीच्या फोनमधला केक. बदललेले सगळे फोटो एकाच फोल्डरमध्ये ओतले आणि प्रोग्रामला ‘असेल तर त्यावरच लिही’ अशी मुभा असली, तर शेवटी केक तेवढा उरेल आणि काही चुकले हे कळणारही नाही. म्हणून प्रत्येक फोनचा फोल्डर वेगळा, त्यात वर्षवार पोटफोल्डर वेगळे, आणि बदललेल्या प्रतींसाठीही तशीच मांडणी नव्याने करा.

तिसरी गोष्ट साधन. घरात मॅक असेल तर वेगळे काही लागत नाही. २०२१ सालच्या मॅकओएस मॉन्टेरेपासून फाइंडरमध्ये फोटो निवडून उजवे क्लिक केले, की ‘क्विक ॲक्शन्स’मध्ये ‘कन्व्हर्ट इमेज’ सापडते. तिथे जेपेग निवडा, आकार मूळचाच ठेवा आणि ‘प्रिझर्व्ह मेटाडेटा’वर खूण आहे याची खात्री करा. ती खूण म्हणजेच आपली पाठ. विंडोजवर ‘एक्सएनकन्व्हर्ट’सारखा प्रोग्राम घरगुती वापराला मोफत मिळतो आणि फोल्डरच्या फोल्डर एकदम हाताळतो. त्यात चार गोष्टी पाहून घ्या : टिपणे जपायची, रंगांची माहिती जपायची, त्याच नावाची फाइल आधीच असेल तर नवे नाव द्यायचे आणि मूळ फाइल पुसायची नाही.

रंगांची माहिती का? आयफोन ७ पासूनचे फोन जुन्या पडद्यांपेक्षा जास्त विस्ताराचे रंग टिपतात आणि कोणती मोजपट्टी वापरली ते फाइलीत लिहितात. ती नोंद गळाली तर हळदीकुंकवाचे रंग मलूल दिसू लागतात.

फोन थेट केबलने विंडोजला जोडतानाही एक सोय आहे. आयफोनच्या फोटो सेटिंगमध्ये ‘ट्रान्सफर टू मॅक ऑर पीसी’ खाली ‘ऑटोमॅटिक’ ठेवले, तर फोटो जाता जाता जेपीजी होतात. पाचपन्नास फोटोंना हे उत्तम. हजारो फोटो असतील तर फोनला प्रत्येक फोटो वाटेतच बदलावा लागतो, वेळ लागतो आणि कधी कधी काम मध्येच तुटते. तेव्हा ‘कीप ओरिजिनल्स’ ठेवून आधी मूळ फाइली उतरवून घ्या, बदलायचे काम मग संगणकावर करा.

चौथी गोष्ट आपली जुनीच, शितावरून भाताची परीक्षा. सगळे लावून देण्याआधी दहाच फोटो बदला. त्यात एक उभा, एक आडवा, एक बटणे वर धरून काढलेला, एक रात्रीचा, एक पोर्ट्रेट, एक फोनवर उजळवलेला असू द्या. बदलल्यावर दिशा, रंग आणि ‘डेट टेकन’ तपासा. दहा ठीक निघाले की बाकीचे लावा. शेवटी मूळ फोल्डरमधले एचईआयसी किती आणि नव्या फोल्डरमधल्या जेपीजी किती, ते मोजा. आकडा जुळलाच पाहिजे. मोजताना गोंधळू नका. मूळ फोल्डरमध्ये ‘एएई’ नावाच्या छोट्या फाइलीही दिसतील. फोनवर फोटो उजळवला, कापला, की त्या बदलांच्या सूचना तिथे लिहिलेल्या असतात. ते फोटो नव्हेत.

दोन वाटा टाळा. व्हॉट्सॲपवरून स्वतःलाच फोटो पाठवला की तो जेपीजी होऊन येतो खरा. पण साध्या दर्जावर त्याची लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर येते आणि पाठही कोरी होते. तो पाच इंचांपलीकडे छापायला नको. आणि अनोळखी संकेतस्थळावर घरचे फोटो चढवू नका. लोकेशन चालू ठेवून काढलेल्या प्रत्येक फोटोसोबत त्या जागेचे, म्हणजे अनेकदा तुमच्या घराचेच, अक्षांश-रेखांश परक्या संगणकावर जात असतात. आधार कार्डाचा किंवा बँकेच्या कागदाचा फोटो तर मुळीच नाही. जे काम घरच्या संगणकावर फुकट होते, त्यासाठी घराबाहेर जायचे कशाला?

पुढे काढायच्या फोटोंसाठी फोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये ‘फॉरमॅट्स’ खाली ‘मोस्ट कम्पॅटिबल’ निवडले, तर फोन सरळ जेपीजीच काढेल. फोटो सतत दुसऱ्यांना द्यावे लागत असतील तर तसे करा. नाहीतर ‘हाय एफिशियन्सी’ राहू द्या, फोनची जागा वाचेल. आधीच काढलेल्या फोटोंवर या बदलाचा काहीही परिणाम होत नाही.

मूळ फाइली पुसून टाकू का?

नका पुसू. एचईआयसीपासून जेपीजी हवी तेव्हा, हवी तितक्या वेळा करता येते. उलट दिशेने गेलेले परत मिळत नाही. पोर्ट्रेटमधला खोलीचा नकाशा आणि प्रखर उजेडाची जादा माहिती साध्या जेपीजीत सहसा येत नाही. दोन एमबी धरून चार हजार फोटो म्हणजे साधारण आठ जीबी. ६४ जीबीच्या पेनड्राइव्हचा एक कोपरा. एवढ्या जागेसाठी मूळ गमावू नये. दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा, एक तुमच्याकडे आणि एक भावाकडे.

‘ही पद्धत उद्या बंद पडली तर?’ अशी धास्तीही नको. तिचे मानक जाहीर आहे आणि ती वाचणारी खुली, मोफत सॉफ्टवेअर आहेत. जिंप हा मोफत प्रोग्रामही ती उघडतो.

आणखी एक कारण आहे आणि तुमच्यासाठी कदाचित सर्वांत मोठे. फोल्डरमध्ये काही फोटोंच्या जोडीला त्याच क्रमांकाची ‘एमओव्ही’ फाइल दिसेल. ते लाइव्ह फोटो. बटण दाबण्याआधीचा आणि नंतरचा दीड-दीड सेकंद फोनने व्हिडिओ म्हणून ठेवलेला असतो, आवाजासकट. जेपीजी झाली की उरते ते स्थिर चित्र. ‘या कसल्या नको त्या फाइली’ म्हणून त्या एमओव्ही पुसण्याआधी बाबांच्या फोटोंच्या जोडीच्या तेवढ्या उघडून पाहा. एखाद्या तीन सेकंदांत ते काही बोलत असतील.

आणि अल्बम मांडायला द्याल तेव्हा स्टुडिओला सांगा, की निदान बाबांच्या फोटोंखाली तारीख आणि गाव छापा. ती माहिती तुमच्या फाइलींत जपलेली आहे, पण आई काही ‘प्रॉपर्टीज’ उघडून बघणार नाही. कागदावर फोटोची पाठ पुन्हा आपल्यालाच लिहावी लागते.